अर्धशिशीची अपरिचित लक्षणे

अर्धशिशी म्हणजे अर्ध्या मस्तकाचा ठणका, एवढीच ज्यांची समजूत आहे, त्यांना हे सांगितले पाहिजे की, वेदनेपूर्वी कित्येक तास, क्वचित एक-दोन दिवसही आधी, वारंवार येणाऱ्या जांभया, मानेचा ताठरपणा, अकारण चिडचिड आणि गोडधोडाची अनिवार इच्छा ही तिचीच पूर्वचिन्हे असू शकतात. त्यांस आळस वा तऱ्हेवाईकपणा म्हणून बोल लावणे हा रुग्णावर उघड अन्याय होय.

सर्वांत विलक्षण तक्रार दृष्टीची. काहींच्या डोळ्यांपुढे लखलखती नागमोडी रेघ उमटून हळूहळू पसरते व तिच्या आतल्या बाजूस काही काळ काहीच दिसेनासे होते. कार्ल लॅश्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४१ साली स्वानुभवावरूनच हिशेब मांडला की, मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून ही रेघ उमटवणारी लाट मिनिटास सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावी. दोष डोळ्यांचा नसून मेंदूचा, म्हणून डोळे मिटले तरी रेघ दिसतच राहते.

केसांतून फणी फिरवणेही असह्य व्हावे, घेरी यावी, आणि ठणका ओसरल्यावरही दिवसभर गळाठा राहावा, हेही त्यातलेच. मात्र वाचा अडखळणे किंवा अंगाची एक बाजू बधिर होणे प्रथमच घडल्यास, ते अर्धशिशीच्या माथी न मारता तत्काळ इस्पितळ गाठावे.