पाकिटातली भेट आणि परतीचा हिशेब

भाऊबीजेच्या ओवाळणीत पूर्वी साडी असे, नाहीतर नोटांचे पाकीट. गेल्या काही वर्षांत या पाकिटातून आणखी एक कागद निघू लागला आहे. त्यावर ब्यूटी पार्लरचे नाव, एक क्रमांक आणि रक्कम छापलेली असते. हेच ते गिफ्ट व्हाउचर. भाऊ बहिणीला देतो, सून सासूला देते, महिला दिनाला कचेरीतल्या मैत्रिणी एकमेकींना देतात. काय द्यावे ही देणाऱ्याची अडचण सुटते, घेणारीची हौस होते आणि आमच्यासारख्या पार्लर चालवणाऱ्यांच्या हाती चार पैसे आगाऊ येतात.

प्रश्न उभा राहतो तो नंतर. मिळालेली साडी आवडली नाही तर बरेच दुकानदार बदलून देतात. व्हाउचर नको असेल तर काय करायचे? दिवाळी उलटली, की "ताई, याचे पैसेच द्या ना," असे म्हणत एखादी तरी दारात येतेच. तालुक्याच्या गावात वीस वर्षांहून अधिक काळ पार्लर चालवताना या मागणीला कसे सामोरे जावे, याची काही रीत मी बसवली आहे. ती आज आपल्यापुढे मांडते.

व्हाउचर विकले त्या दिवशी पैसे गल्ल्यात येतात, पण ती कमाई नसते. काम अजून व्हायचे असते. घर भाड्याने देताना घेतलेल्या अनामत रकमेसारखीच ही रक्कम. म्हणून आमच्या रोजमेळात व्हाउचरांना वेगळे पान आहे. त्यावर क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव, भरलेली रक्कम आणि ती रोख आली की यूपीआयने, एवढे लिहायचे. काम झाले की मगच ती रक्कम उत्पन्नात धरायची. हे पान नसले की दिवाळीचे पैसे दुकानभाड्यात आणि क्रीम-शाम्पूच्या बिलात संपून जातात. मग परत मागायला आलेली बाई आपल्याच खिशात हात घालते आहे, असे वाटू लागते. खरे तर ती ठेवलेले मागत असते.

पैसे परत मागण्याची कारणे ऐकायला अनेक, पण ती तीन प्रकारांत बसतात. पहिला प्रकार, काम आम्हालाच करता येत नाही. पार्लर बंद झाले, ती सेवा आम्ही थांबवली किंवा वारंवार मागूनही वेळ दिली नाही. दुसरा प्रकार, तिला काम करून घेता येत नाही. केस रंगवण्याआधी ४८ तास कानामागे थोडा रंग लावून पाहावा लागतो, त्याला आम्ही पॅच टेस्ट म्हणतो. त्यात खाज सुटली, पुरळ आले, तर रंग लावायचा नाही म्हणजे नाही. कोणाला डॉक्टरांनी केस सरळ करण्याची रसायने वर्ज्य केलेली असतात. तिसरा प्रकार, तिला ते काम नकोच आहे. पहिल्या प्रकारात पैसे पूर्ण परत द्यावेत, वाद घालू नये. दुसऱ्यात आधी दुसरी सेवा सुचवावी. ती नको असेल तर पैसे द्यावेत. तिसऱ्यात परत देण्याचे बंधन आपोआप येत नाही; तिथे व्हाउचरवर काय लिहिले आहे ते पाहायचे आणि थोडी माणुसकीही.

कायदा काय सांगतो? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. सेवेत कमतरता असताना ती मागे घेऊन पैसे परत करायला नकार देणे, याला या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करायचे असतात. म्हणजे 'कोणत्याही परिस्थितीत पैसे परत मिळणार नाहीत' असे मोठ्या अक्षरांत छापले, म्हणून आमची जबाबदारी संपत नाही. पण नुसता विचार बदलला, तर पैसे मिळालेच पाहिजेत, असेही हे कलम म्हणत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पैसे भरणाऱ्याच्या संमतीने जी सेवेचा लाभ घेते, तीही कायद्याने ग्राहकच असते. त्यामुळे "व्हाउचर तुमच्या भावाने घेतले आहे, तक्रार त्यालाच करू द्या," असे बहिणीला सांगता येत नाही.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. पैसे द्यायचे ठरले, तर ते कोणाच्या हाती द्यायचे? ज्याने भरले त्याला, की जिच्या हाती व्हाउचर आहे तिला? आमचा नियम असा, की पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातील. पण व्हाउचर जिच्याजवळ आहे तिने ते आणून दिल्यावर आणि तिच्या संमतीनेच. हरवलेल्या किंवा चोरलेल्या व्हाउचरवर कोणी रोख घेऊन जाऊ नये, हाही त्यामागचा हेतू.

एकदा एका मुलीचे ठरलेले लग्न मोडले. मैत्रिणींनी वर्गणी काढून तिच्यासाठी नवरीच्या मेकअपचे व्हाउचर घेतले होते. त्या चौघी पैसे परत मागायला आल्या. हेतू चांगलाच होता. तिच्यासमोर विषय निघू नये, असे त्यांना वाटत होते. पण दिलेली भेट आता तिची होती. मी त्यांना तिला विचारायला सांगितले. तिने निरोप पाठवला, 'पैसे राहू देत, मी येईन.' तीन-चार महिन्यांनी ती आली आणि केस छान कापून घेऊन गेली. परस्पर पैसे दिले असते, तर तिच्याबद्दलचा आणखी एक निर्णय तिला न विचारता झाला असता.

दुसऱ्या एका आजींना सुनेने फेशियलचे व्हाउचर दिले होते. त्या म्हणाल्या, "मला कशाला गं हे? पैसे दे, गुडघ्याच्या औषधाला होतील. आणि सुनेला सांगू नकोस." पैसे सुनेच्या खात्यातून आलेले. तिथे परत पाठवावेत तर तिला कळणार, रोख द्यावेत तर उद्या तिच्याशी खोटे बोलायचे. अशा वेळी बदल करून देणे हा सोपा मार्ग असतो. आजींनी पायांना मालिश करून घेतले आणि उरलेल्या रकमेत नातीचे केस कापले.

पॅकेज अर्धवट वापरले असेल, तर हिशेब आधी लिहून ठेवलेला बरा. समजा, एका फेशियलचे १,२०० रुपये, पण सहांचे पॅकेज ६,००० ला दिले. दोन झाल्यावर ग्राहकाने आपणहून सोडले, तर ती दोन मूळ दराने, म्हणजे २,४०० रुपयांना धरून ३,६०० परत. आमच्यामुळे थांबले, तर पॅकेजच्या दराने दोनाचे २,००० धरून ४,००० परत. सवलतीत विकलेल्या व्हाउचरवर छापील रक्कम कितीही असो, परत देताना भरलेली रक्कमच पाहायची.

मुदतीचा धडा आम्हा सर्वांना २०२० मध्ये मिळाला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. महाराष्ट्रात २८ जूनपासून पार्लर उघडली, तीही केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यापुरतीच. त्वचेच्या कामांना परवानगी नव्हती. अनेकींची फेशियलची व्हाउचरे या काळात कागदावर संपली. आम्ही मुदत वाढवून दिली, आणि ज्यांना पैशांची निकड होती त्यांना पैसे दिले. काम करणेच अशक्य झाले, तर त्यासाठी घेतलेले परत करावे, हे तत्त्व १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही आहेच.

तेव्हा व्हाउचर विकत घेताना चार गोष्टी विचारा. मुदत किती? दुसऱ्याच्या नावावर होते का? उरलेली रक्कम पुढे चालते का? पैसे परत देण्याची अट काय? उत्तरे व्हाउचरवर लिहून घ्या आणि पावती जपून ठेवा. दाद मिळालीच नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

माझ्या व्यवसायातील भगिनींना एवढेच सांगेन, की परत केलेल्या हजार-दीड हजाराने दुकान बुडत नाही. लहान गावात ग्राहक जाहिरातीने येत नाहीत, एकीने दुसरीला सांगितले म्हणून येतात. पैसे परत देताना आपण कसे बोललो, हेही ती दुसरीला सांगतच असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)