सबमर्सिबल मोटर वर काढण्यापूर्वी मेगर चाचणी

बंद पडलेली सबमर्सिबल मोटर कूपनलिकेतून वर काढणे खर्चाचे व कष्टाचे असते. मोटरीच्या वाइंडिंगचे किंवा केबलचे इन्सुलेशन खराब झाले आहे का, हे मोटर खाली असतानाच ‘मेगर’ या उपकरणाने तपासता येते. साध्या मल्टिमीटरचा दाब काही व्होल्टचाच असल्याने ओलावा शिरलेले इन्सुलेशनही त्यावर निर्दोष भासते. मेगर ५०० व्होल्टचा डीसी दाब देऊन रोध मेगओहममध्ये दाखवतो.

चाचणी जाणकार वायरमनकडून करून घ्यावी. मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढावेत आणि केबल स्टार्टरपासून सोडवावी. सौर पंपात केबल कंट्रोलरपासून सोडवली नाही, तर त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात. मेगरची एक वायर केबलच्या टोकाला, दुसरी अर्थिंगला (पाइप लोखंडी असल्यास पाइपला) जोडून एक मिनिटानंतरचा आकडा घ्यावा. तीन तारांच्या मोटरीत वाइंडिंग आतूनच जोडलेले असल्याने तिन्ही टोकांचे आकडे जवळपास सारखेच येतात.

४१५ व्होल्टच्या मोटरीसाठी १ मेगओहमखालील आकडा धोक्याचा मानतात. तरीही वाइंडिंग जळाले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. पुष्कळदा पाणी केबलच्या जोडात शिरलेले असते. एका आकड्यापेक्षा वर्षानुवर्षांची नोंद अधिक बोलकी ठरते. ५० वरून ५ मेगओहमवर आलेली मोटर आज चालेल, पण तिचे इन्सुलेशन ढासळू लागले आहे. गरम मोटरीत रोध कमी दिसतो, म्हणून प्रत्येक वेळी मोटर थंड असतानाच मोजावे. चाचणीनंतर केबलमध्ये भार साठून राहतो. टोके अर्थिंगला टेकवून तो उतरवल्याशिवाय त्यांना हात लावू नये.