मीठ, साखर आणि पाणी

जीवशास्त्राच्या अभ्यासास नुकताच आरंभ केलेला विद्यार्थी पहिल्याच महिन्यांत एक तक्रार करतो : "मला प्राणी, वनस्पति आणि मानवी देह यांचें शास्त्र शिकावयाचें आहे, मग अणु, रेणु आणि द्रावणें यांचें हें लचांड माझ्या गळ्यांत कशासाठीं?" ही तक्रार अगदींच अवाजवी आहे असें नाहीं. पुस्तकांतून हीं प्रकरणें बहुधा अशा रीतीनें मांडलेलीं असतात, कीं त्यांचा सजीवांशीं कांहीं संबंध असेल अशी शंकाहि येऊं नये. म्हणून आज आपण पुस्तकाची वाट सोडून स्वयंपाकघराच्या वाटेनें या विषयाकडे जाऊं. मीठ, साखर आणि पाणी या तीन पदार्थांतील रसायन नीट उमगलें, तर एका मरणोन्मुख रोग्याचा जीव कसा वांचतो हेंहि आपणांस कळेल.

प्रथम मीठ घेऊं. सोडियम हा सुरीनें कापतां येईल इतका मऊ धातु आहे. पाण्यांत टाकला तर तो उसळतो आणि पेटतोहि. क्लोरिन हा हिरवट-पिवळा विषारी वायु. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, त्याचा शस्त्र म्हणून उपयोग झाला होता. या दोन दुष्टांच्या संयोगांतून आपल्या ताटांतलें मीठ तयार होतें. हें कसें घडतें? मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण तो अणु. त्याच्या मध्यभागीं धनभारित केंद्रक असतें व भोंवतीं ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. सोडियमच्या अणूपाशीं सर्वांत बाहेरच्या कक्षेंत एकच इलेक्ट्रॉन असतो, व तो त्यास सहज सोडतां येतो. क्लोरिनच्या अणूस नेमका एकच कमी पडतो. एकानें दिला, दुसऱ्यानें घेतला. देणारा धनभारित झाला, घेणारा ऋणभारित. अशा भारित अणूस आयन म्हणतात. विरुद्ध भारांचे असंख्य आयन परस्परांना ओढून धरतात, तेव्हां मिठाचा खडा बनतो. आपल्या शरीरांत सोडियम असतो तो नेहमीं या आयनाच्या रूपांत. धातूच्या रूपांत कधींहि नाहीं.

आतां पाणी. हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक, असे तीन अणु मिळून पाण्याचा एक रेणु होतो. येथें इलेक्ट्रॉनांची देवघेव नसून भागीदारी असते. मात्र ती समसमान नाहीं. सामाईक इलेक्ट्रॉन ऑक्सिजन स्वतःकडे अधिक ओढतो, त्यामुळें त्याची बाजू किंचित् ऋण व हायड्रोजनची किंचित् धन राहते. मीठ पाण्यांत पडलें कीं हे रेणु त्याच्या आयनांना गराडा घालतात आणि खडा विस्कटून जातो. साखरेचें तसें नाहीं. तिच्या रेणूवर भार नसतो. पण ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्या त्यावर जागोजाग असतात, आणि त्यांच्याशीं पाण्याचें सूत जमतें. म्हणून साखर विरघळते, परंतु तिचा रेणु अखंड राहतो. तेलापाशीं भार नाहीं आणि अशा जोड्याहि फारशा नाहींत; तें पाण्यांत मिसळत नाहीं. तेलाची ही गोष्ट विद्यार्थ्यानें विसरूं नये, कारण आपल्या प्रत्येक पेशीचें आवरण अशाच तेलकट द्रव्याच्या दुहेरी थराचें बनलेलें आहे. त्यांतून मिठाचे आयन किंवा साखरेचे रेणु सहजासहजीं पार होत नाहींत. त्यांच्यासाठीं प्रथिनांचीं दारें असावीं लागतात.

आणखी एकच गोष्ट, आणि ती कोशिंबिरीची. काकडी चोचवून तिला मीठ लावून ठेवली, तर थोड्या वेळानें भांड्याच्या तळाशीं पाणी जमतें. पेशींच्या बाहेर विरघळलेल्या कणांची गर्दी अधिक झाली, म्हणून आंतलें पाणी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे निघालें. यास परासरण म्हणतात.

एवढी शिदोरी घेऊन आपण पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रोग्याकडे वळूं. पटकीचे जंतु लहान आंतड्यांत एक विष निर्माण करतात. त्या विषामुळें आंतड्याच्या पेशी क्लोराइडचे आयन पोकळींत एकसारखे ओतूं लागतात. त्यांच्यामागून सोडियम जातो, आणि काकडींत पाहिलें त्याप्रमाणें मिठामागून पाणी जातें. रोग तीव्र असेल तर तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर पडतें. तहानेनें व्याकुळ झालेल्या रोग्यास नुसतें पाणी पाजलें, तरी त्याची तूट भरून निघत नाहीं.

मग उपाय कोणता? १९६० सालीं प्राग येथील परिषदेंत रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें असा विचार मांडला, कीं ग्लुकोज ही शर्करा आंतड्याच्या पेशींत एकटी शिरत नाहीं, सोडियमच्या जोडीनें शिरते. त्या प्रथिनाच्या दारांतून ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आंत जातात, हें आज ठाऊक आहे. आणि पटकीचें विष हें दार बंद करूं शकत नाहीं. साखर गेली कीं तिच्यासवें सोडियम जातो, आणि त्यांच्यामागें पाणी आपोआप जातें.

या ज्ञानाची कसोटी १९७१ सालीं लागली. बांगला देशाच्या मुक्तियुद्धांत लक्षावधि निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले, आणि बनगांव येथें पटकीनें थैमान घातलें. शिरेंतून द्यावयाचें सलाइन पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचें पाणी रोग्यांना तोंडानेंच पाजण्याचें ठरविलें. पाजण्याचें काम रोग्यांच्या आप्तांनींच केलें. शेकडा ३० च्या घरांत गेलेलें मृत्यूचें प्रमाण शेकडा ४ च्याहि खालीं आलें.

हीच आजची जलसंजीवनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणें एक लिटर पाण्यास ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असें तिचें प्रमाण आहे. तयार पुडी हातीं नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें. घरच्या साखरेचा रेणु आंतड्यांत फुटून त्यांतून ग्लुकोज मिळतें. मात्र माप अंदाजानें वाढवूं नये. साखर फार झाली तर आंतड्यांतील द्रावण दाट होईल आणि काकडीप्रमाणें शरीरांतलेंच पाणी बाहेर ओढलें जाईल. मीठ फार झालें तर तान्ह्या मुलाच्या जिवास धोका होईल. रोगी ग्लानींत असेल किंवा पोटांत कांहींच ठरत नसेल, तर विलंब न लावतां त्यास रुग्णालयांत न्यावें.

आरंभींच्या विद्यार्थ्यास म्हणून एवढेंच सांगावयाचें, कीं आयन, रेणु, द्रावण व परासरण या व्याख्या पाठ करावयाच्या आधीं त्यानें मीठ लावलेली काकडी एकदां अर्धा तास पाहत बसावें. आणि घरांत कोणास जुलाब सुरू झाले, तर संजीवनीचें पाणी त्यानें स्वतःच्या हातानें, माप न चुकवितां, करून द्यावें.