हिस्टोनांचा कारभार

मानवी पेशीच्या केंद्रकात, जे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए सामावलेला असतो. तो ज्या प्रथिनांभोवती वेटोळे घालून बसतो त्या हिस्टोनांचा शोध आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ साली लावला, तरी पुढे कित्येक दशके त्यांची गणना निव्वळ बांधणीच्या साहित्यात होत राहिली. हा अन्यायच होता.

डीएनएच्या दुरुस्तीतही त्यांची हुकमत चालते, याचा ठळक पुरावा १९९८ साली अमेरिकेत विल्यम बॉनर यांच्या प्रयोगशाळेतून आला. किरणोत्सर्गाने डीएनएचे दोन्ही धागे एके ठिकाणी तुटले की, काही मिनिटांतच आसपासच्या एच२एएक्स नामक हिस्टोनावर फॉस्फेटची खूण उमटते आणि ती लक्षावधी अक्षरांच्या टापूत पसरते. गावात दरोडा पडल्यावर पाटलाने कचेरीत वर्दी द्यावी, तसाच हा प्रकार: खुणेवर प्रथम एमडीसी१ हे प्रथिन हजर होते, मागोमाग ५३बीपी१ आणि बीआरसीए१ दाखल होतात, आणि तूट कोणत्या रीतीने सांधावयाची हे बव्हंशी या दोघांच्या चढाओढीत ठरते. एच२एएक्सविना जन्मलेले उंदीर जगतात खरे, पण त्यांची गुणसूत्रे भंगत राहतात. त्यातच पी५३ हे प्रथिनही नाहीसे केले, तर त्यांना कर्करोग लवकर गाठतो.

क्वचित खुद्द हिस्टोनच बिघडतो. मुलांच्या मस्तिष्कस्तंभात होणाऱ्या असाध्यप्राय अर्बुदांपैकी बहुसंख्यांत एच३ हिस्टोनाच्या २७व्या स्थानी लायसिनाऐवजी मिथिओनिन आलेले असते, असे २०१२ साली उघडकीस आले. एच३ची जनुके अनेक. बिघाड त्यांपैकी एकाच्याच एका प्रतीत. तरीही जनुकांना मूक ठेवणारी पीआरसी२ ही यंत्रणा त्यामुळे पेशीभर निष्प्रभ होते.

डीएनए-दुरुस्तीच्या ज्ञानाचा रोख फायदा मात्र पार्प या प्रथिनाने करून दिला. ते डीएनएच्या तुटींवर धावून जाते. औषधाने त्याला तेथेच जखडले, तर बीआरसीए गमावलेल्या कर्कपेशीला सावरण्याचा मार्ग उरत नाही, निरोगी पेशी मात्र बहुधा निभावून नेते. २००५ साली प्रयोगशाळेत दिसलेल्या या तत्त्वावर बेतलेल्या ओलापॅरिब या औषधाला २०१४ साली बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. बीआरसीएतील बिघाड आनुवंशिकही असू शकतो; तेव्हा ज्यांच्या कुटुंबात स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग पुनःपुन्हा उद्भवला आहे, त्यांनी बीआरसीए तपासणीविषयी आपल्या डॉक्टरांकडे अवश्य विचारणा करावी.