पंपाच्या स्क्रूआधी अर्थिंगचा बोल्ट
जुन्या ट्रकची निगा : लेखांक ६

उसाचा हंगाम भरात आला की रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना असो नाहीतर साखराळ्याचा राजारामबापू, काट्यापुढं ट्रकची रांग लागते आणि रांगेतली जुनी गाडी सहसा बंद केली जात नाही. सेल्फ पुन्हा उचलेल याची खात्री नसते. मग स्लोवर तासन्‌तास चालणाऱ्या इंजिनाच्या तक्रारी सुरू होतात. रेस वर-खाली होते, हेडलाइट लावला की चार्जिंगचा दिवा मिणमिणतो, कधी पायडल सोडलं तरी रेस उतरत नाही. यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे पंपावरचा स्लोचा स्क्रू थोडा फिरवायचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावावा. त्याआधी बॅटरी, इंजिन आणि चॅसी यांच्यातलं अर्थिंग मोजावं, असं माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप जाणकार फिटरच घेईल, आणि तो बिनबुडाचा नाही. डिझेल इंजिनाला वीज लागते कुठं? सातारा रोडच्या कूपरची आणि किर्लोस्करांची इंजिनं विहिरीवर हँडल मारून सुरू व्हायची, त्यांना बॅटरीच नव्हती. जुन्या टाटा-लेलँडचा मेकॅनिकल पंपही वायरिंगशी देणंघेणं न ठेवता डिझेल देतो. म्हणून अशा गाडीत रेस एका लयीत वर-खाली होत असेल तर पहिला संशय हवेवरच घ्यावा. टाकी ते फीड पंप या ओढीच्या बाजूला रबरी पाइपला चीर गेली किंवा तांब्याचा वायसर बसका झाला, तर डिझेल बाहेर गळत नाही, पण हवा आत येते. हातपंप मारून एअर स्क्रू सैल केल्यावर फेस येत राहिला तर दोष तिथंच. इतपत आक्षेप मान्य.

पण विहिरीवरच्या इंजिनाला सेल्फही नव्हता, हे इथं विसरलं जातं. ट्रकचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या हिशेबानं ते चॅसीपासून तुटलेलं. ती तूट सांधते इंजिनापासून चॅसीला जाणारी विणलेल्या तांब्याची पट्टी. पट्टी तुटली, गंजली किंवा दुरुस्तीत काढून परत लावायची राहिली, तरी सेल्फचे शेकडो अँपिअर परतीची वाट शोधतातच. कधी सायलेन्सरच्या पाइपातून, कधी अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमधून. ती बारीक केबल एवढ्या प्रवाहानं तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि तार अडकायला लागते. पाय काढला तरी पंपाचा दांडा पुरता मागं येत नाही. रेस चढलेली दिसते, मिस्त्री स्क्रू सोडतो, आणि केबल मोकळी झाली की गाडी स्लोवर बंद पडते. नवी केबल टाकली तरी काही दिवसांत तीही जळते, कारण पट्टीकडं कुणी पाहिलेलंच नसतं.

दुसरा आक्षेप मालकांचा : हॉर्न वाजतो, दिवे लागतात, मग अर्थिंग खराब कसं? त्याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा सांध्यात ०.०१ ओहम इतकाच अडथळा आहे. पाच अँपिअरच्या दिव्यासाठी त्यात ०.०५ व्होल्ट जातात, ते डोळ्याला दिसायचे नाहीत. सेल्फनं ३०० अँपिअर ओढले की त्याच सांध्यात ३ व्होल्ट जातात आणि १२ व्होल्टच्या गाडीत सेल्फला फार तर ९ उरतात. मीटर ओहमवर लावून हा दोष सापडत नाही, कारण मीटरच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. भार असतानाच तपासायला हवं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवरच) आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर घासून स्वच्छ केलेल्या जागी टेकवा. स्टॉपची केबल ओढून धरून सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आसपास राहिला तर उत्तम, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग नापास. मग एक-एक सांधा सोडून तेच मोजत गेलं की चोर सापडतो.

आपल्याकडं हा दोष एवढा का फोफावतो, यालाही कारणं आहेत. हंगाम संपला की गाडी खताच्या फेऱ्यांना लागते, आणि सांडलेलं खत ओल धरून लोखंड-तांबं खातं. कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला येणारी गाडी कोकणातली खारी हवा घेऊन येते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठी ज्या गाड्या पाण्यात राहिल्या, त्यांच्या वायरिंगच्या आत हिरवी बुरशी चढते. वरून वायर धडधाकट दिसते. पण माझ्या मते सगळ्यात मोठा गुन्हेगार रंग आहे. बॉडी नव्यानं बांधताना चॅसीला झकास काळा रंग मारतात आणि अर्थिंगचं थिंबल त्या रंगावरच आवळतात. रंग वीज नेत नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम काम चालतं, तेही गंज चढेपर्यंत.

मग बॅटरीपासून एक जादा वायर टाकून मोकळं व्हावं, असं काहीजण सुचवतात. जादा वायरीला माझी ना नाही, मात्र तीही रंगावरच आवळली तर तिचा उपयोग शून्य. आणि देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या बीएस-४ नंतरच्या कॉमन रेल गाड्यांत ही घाई महागात पडते. तिथं रेस ईसीयू ठरवतो आणि त्याचे बरेच सेन्सर ५ व्होल्टवर चालतात. तुटलेल्या वायरिंगमध्ये सेन्सरची परतीची वायर कुणी सरळ चॅसीला जोडून दिली, तर चॅसीवरची अर्ध्या व्होल्टची चूक म्हणजे निरोपात दहा टक्क्यांची चूक. पायडल न दाबता रेस हलते ती यामुळंही.

दुरुस्ती खर्चाची नाही. थिंबलखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा, बोल्ट कसून आवळायचा आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची. निगेटिव्ह केबल काढताना सगळ्यात आधी काढा, जोडताना सगळ्यात शेवटी जोडा. यानंतरही स्लो बिघडलेलाच राहिला, तर खुशाल पंपवाल्याकडं जा.