दारूला परवाना, गांज्याला तुरुंग

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस निषिद्ध ठरवले. त्याच झाडाच्या पानांची भांग मात्र व्याख्येबाहेर ठेवली. वाराणसीत ती परवान्याच्या दुकानात मिळते. हा भेद वैद्यकाचा नव्हे, रूढीचा.

केंद्रासाठी 'एम्स'ने केलेल्या पाहणीनुसार (२०१९) देशात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी, तर भांग-गांजा-चरस घेणारे ३.१ कोटी. मद्य यकृत पोखरते, हेरॉईन श्वास थांबवते. गांज्याच्या अतिसेवनाने थेट मृत्यू क्वचितच ओढवतो. तो निरुपद्रवी मात्र नव्हे. कोवळ्या वयात सुरू झालेल्या सेवनाने मनोविकाराचा धोका वाढतो. तरीही मद्याचे उत्पादन शुल्क राज्यांची तिजोरी भरते, आणि तेथे आरोग्याचा प्रश्न सहसा मागे पडतो.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांज्याला सर्वाधिक घातक पदार्थांच्या यादीतून वगळण्याच्या बाजूने भारताने मत दिले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. मायदेशातील कायदा जागचा हलला नाही.