Explained : पुस्तकाच्या समासातली एक नोंद गणिताला ३५० वर्षं का पुरली?

पुस्तकात लिहिणं म्हणजे पुस्तक खराब करणं, असं अनेकांना वाटतं. पण गणितातला एक प्रसिद्ध प्रश्न अशाच नोंदीमुळे जगासमोर आला.

नोंद काय होती?
फ्रान्सच्या तुलूझमधले न्यायाधिकारी पिएर द फर्मा हौसेखातर गणित करत. साधारण १६३७ मध्ये डायोफॅन्टसचं ‘अरिथमेटिका’ वाचताना त्यांनी समासात लिहिलं, की घातांक २ पेक्षा मोठा असेल, तर अ आणि ब यांच्या घातांची बेरीज क च्या त्याच घाताएवढी होत नाही (तिन्ही धन पूर्णांक). सिद्धता आपल्याकडे आहे, पण इथे जागा पुरणार नाही, असंही नोंदवलं.

ती टिकली कशी?
फर्मा १६६५ मध्ये वारले. मुलगा सॅम्युएल यांनी १६७० मध्ये वडिलांच्या नोंदींसह पुस्तक छापलं. मूळ प्रत पुढे हरवली.

पुढे काय झालं?
अँड्र्यू वाइल्स यांची शंभरहून अधिक पानांची सिद्धता १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. फर्मांकडे खरंच सिद्धता होती का, याबद्दल गणितज्ञांना शंका आहे. तरीही नोंद वाया गेली नाही. ती सोडवताना संख्या सिद्धांतात नव्या पद्धती घडल्या.

वाचकांनी काय करावं?
नुसतं अधोरेखित करू नका, मनात आलेली शंकाही लिहा. पुस्तक स्वतःचं असेल तर पेन्सिलीने, वाचनालयाचं असेल तर वहीत.